निकटची नातेवाईक

आमच्या घरात दवाखान्याचा कागद आला की तो आधी माझ्या हातात यायचा. मी बी.एस्सी. झालेली, मरोद्याच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवणारी, त्यामुळे घरातली अर्धी डॉक्टर मीच. बाबा पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमधून, कोळशाच्या भट्ट्यांवरून, रिटायर झाले तेव्हा त्यांच्या छातीच्या रिपोर्टचा अर्थ मी सांगितला, आईच्या गुडघ्यांचाही मीच. शब्द कितीही लांबलचक असो, मी त्याचे तुकडे करायची, एकेका तुकड्याला मराठी जोडायची आणि चहाबरोबर सगळ्यांना वाटायची. प्रत्यक्ष डॉक्टरने समजावून सांगितलं तरी आई म्हणायची, "थांबा, पोरीले विचारू." या वाक्यावर मी किती वर्षं फुगून चालले, ते मला आता कळतं.

धाकट्या भावाची तब्येत बिघडली तेव्हा आई-बाबा दोघंही राहिले नव्हते. भाऊही त्याच प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला. पायावर सूज, तोंडाला चव नाही, शिफ्टवरून आला की खुर्चीतच झोपायचा. टाउनशिपच्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि कागद माझ्याकडे आला. सीकेडी स्टेज फाइव्ह. मी नेहमीसारखी सुरुवात केली. क्रॉनिक म्हणजे जुनाट, नकळत वाढत गेलेला. किडनी म्हणजे मूत्रपिंड. स्टेज पाच म्हणजे शेवटची.

"शेवटची मंजे?" भावाने विचारलं. "मंग पुढं काय?"

"डायलिसिस. नाहीतर दुसऱ्याची किडनी."

"दुसऱ्या कोनाची?"

"माझी," मी म्हणाले.

विचार करायला मला श्वासभरही वेळ लागला नाही. भावजय दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिने तोंड उघडायच्या आत मी बोलून गेले याचं मला जे समाधान वाटलं, ते भावाच्या काळजीइतकंच मोठं होतं. खोटं कशाला सांगू?

या भावजयीशी माझं कधी पटलं नाही. ती नंदिनी नगरजवळच्या एका खेड्यातली, छत्तीसगढी. भाऊ तरुणपणी तिकडच्या चुनखडीच्या खाणीत कामाला होता, तेव्हाची ओळख. तिचं आधी एक लग्न झालेलं, नवरा वर्षाच्या आत अपघातात गेलेला. आमच्याकडे ती वरात-मांडव करून आली नाही. त्यांच्यात विधवा बाईला पुन्हा नवरा करायचा तर तो माणूस तिच्या हातात बांगड्या घालतो, नवी साडी देतो, घरची माणसं जेवतात आणि ती बायको झाली. याला ते चूडी म्हणतात. ना भटजी, ना फोटो, ना सर्टिफिकेट. मी त्या दिवसापासून एकच वाक्य धरून बसले होते: ती लग्नाची नाही, चूडीची आहे. हळदीकुंकवाला, शेजारणींत, माझ्या सासरी, जिथे म्हणून विषय निघे तिथे मी ते वाक्य वाढत असे. तसं पाहिलं तर आमच्या भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्यांतही असंच चालतं, फक्त त्याला पाट लावणं म्हणतात. पण आपलं ते आपलं आणि तिचं ते तिचं, असा माझा हिशेब.

तिने भावाला माझ्यापासून तोडलं असं काही नाही. उलट मी गेले की "दीदी, बैठा ना" म्हणून पाट पुढे करायची. माझ्या पोटात दुखायचं ते वेगळ्याच गोष्टींसाठी. भावाला कांद्याची भजी कशी आवडतात हे तिला ठाऊक. त्याची शिफ्ट कुठली हे तिला ठाऊक. डायलिसिस सुरू झाल्यावर तर त्याने दिवसात किती पाणी प्यावं, याची बाटली तिच्याच हातात आली. डॉक्टर ड्राय वेट म्हणाले, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना भरणारं वजन. तो शब्द मी समजावून सांगितला आणि तो सांभाळायला लागली ती. फिस्टुला म्हणजे हाताची धमनी आणि शीर एकमेकींना जोडणं, हेही मीच सांगितलं. पण त्या जोडावर हात ठेवला की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं आणि ते रोज तपासावं लागतं. ते रोज तपासायची ती. तिचा हात त्याच्या मनगटावर दिसला की मी दुसरीकडे बघायची.

पण किडनी माझी जाणार होती. तिथे तिचं काही चालणार नव्हतं. रक्तगट आमचा एकच, बी. एकाच आईच्या पोटची दोघं. मी मनातल्या मनात पेपरातली बातमीसुद्धा लिहून टाकली होती: बहिणीने भावाला जीवदान दिलं. खाली दोघांचा फोटो, मी निळ्या साडीत. भावजय फोटोत नाही, किंवा असलीच तर मागे, अर्धी. मी वाचून काढलं की सख्ख्या बहीण-भावाच्या पेशींवरच्या खुणा कधी कधी पूर्णच्या पूर्ण जुळतात, नवरा-बायकोच्या जुळण्याचं काही कारणच नसतं. हे मी भावजयीसमोर मुद्दाम मोठ्याने सांगितलं. ती "हव, दीदी" म्हणाली आणि भात उतरवायला गेली.

मग माझी सोनोग्राफी झाली. रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात, थंडगार खोलीत. तपासणारी मुलगी पोटाच्या डाव्या बाजूला यंत्र फिरवत राहिली. मला कुशीवर वळायला लावलं, परत फिरवलं, मग विचारलं, "आंटी, कभी कोई ऑपरेशन हुआ है?" नाही म्हटलं तर तिने आत जाऊन डॉक्टरला आणलं. त्यानेही फिरवलं. नंतर सीटी स्कॅन झाला आणि कागदावर आलं: लेफ्ट रीनल एजेनेसिस. अर्थ सांगायची गरज कोणालाच नव्हती, मला तर मुळीच नव्हती. "ए" म्हणजे नाही, "जेनेसिस" म्हणजे घडणं. माझी डावी किडनी गेलेली नव्हती, सुकलेली नव्हती. ती आईच्या पोटात कधी घडलीच नव्हती. खाली आणखी दोन शब्द होते, इन्सिडेंटल फाइंडिंग, म्हणजे दुसरंच काही बघताना सापडलेलं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत सोनोग्राफी झाली होती, पण सगळ्यांनी बघितलं ते बाळाकडे. माझ्याकडे कोणी बघितलंच नाही.

भावाने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "ताई, तू आता जपून राहाय. तुलेच एक हाय." त्याच्या बोलण्यात काळजी होती, आणि मला त्याची काळजी नको होती. मला द्यायचं होतं. जिच्याजवळ द्यायला काही नाही, तिच्यासारखं मला तिथे बसवून ठेवलं होतं. मी सारखी चिडत होते, स्वतःच्या अंगावर, पोटावर, आईवरसुद्धा.

तेवढ्यात भावजय कोपऱ्यातून बोलली, "मोर करा तो दू ठन हे, दीदी."

माझ्याकडे तर दोन आहेत. एवढंच. ती बढाई मारत नव्हती, बाजारात कांदे जास्त आले तर शेजारणीला सांगावं तसं ती बोलली. पण त्या "दू ठन"ने मला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

तिच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्तगट ओ, म्हणजे सगळ्यांना चालणारा. साखर नाही, बीपी नाही, स्कॅनमध्ये दोन्ही किडन्या जागेवर, ठणठणीत. पेशींच्या खुणा जुळतात का ते बघितलं, तर भावाशी एकही जुळली नाही. मला बरं वाटलं. पण डॉक्टर म्हणाले, चालेल, आजकाल औषधांवर निभतं. माझ्या सगळ्या जुळण्याच्या गोष्टी तिथेच विझल्या. मग क्रॉसमॅच केला. तिच्या पेशी आणि भावाचं रक्त एकत्र करून बघतात, तो. कागदावर आलं निगेटिव्ह. मॅच निगेटिव्ह, म्हणजे जुळलं नाही, म्हणजे मिटलं. मी भावाला जवळ घेऊन म्हणाले, "जाऊ दे, दुसरा रस्ता काढू." आणि आतून मला आनंद झाला होता. भाऊ मशीनवरच राहणार, हे समोर दिसत असूनही झाला होता. मग डॉक्टरने हसत हसत सांगितलं की निगेटिव्हच पाहिजे असतं. पॉझिटिव्ह म्हणजे भावाचं रक्त तिच्या पेशींवर तुटून पडतं. तिच्या पेशींवर ते तुटून पडलं नव्हतं. इतकी वर्षं शब्दांचे तुकडे पाडणारी मी, नेमकी इथे तोंडघशी पडले.  भावजयीने भावाला विचारलं, "त होगे ना?" म्हणजे, मग झालं ना?

झालं नव्हतं. कायदा उरला होता. आपल्याकडे कोणीही कोणाला किडनी देऊ शकत नाही. जिवंत माणसाची घ्यायची तर देणारा निकटचा नातेवाईक पाहिजे, आणि निकटचा म्हणजे कोण, हे कायद्याने लिहून ठेवलं आहे. दवाखान्याच्या समुपदेशकाने आम्हाला ती यादी वाचून दाखवली. पहिला शब्द पती किंवा पत्नी. मग मुलगा, मुलगी, वडील, आई, भाऊ. बहीण त्यानंतर. रक्ताची मी, आणि यादीत तिच्या इतकी मागे! मी त्याला म्हटलं, "यादी उलटी आहे का?" त्याला वाटलं मी विनोद करते आहे.

पण पत्नी असल्याचं दाखवायला लग्नाचा दाखला हवा, फोटो हवेत. त्यांना मूलबाळ नाही, म्हणजे जन्मदाखलाही नाही. भावाने स्वतःचं शपथपत्र दिलं, तर परवानगी देणाऱ्या कमिटीने निरोप पाठवला की हे पुरेसं नाही, लग्नाच्या वेळी घरात हजर असलेलं कोणीतरी आणा. तेव्हा हजर होतं कोण? आई-बाबा गेले. तिच्या माहेरची माणसं कधीची कामासाठी सुरतेकडे निघून गेली होती. आमच्या ब्लॉकमधले शेजारी रिटायर होऊन आपापल्या गावी गेले, क्वार्टरमध्ये आता दुसरीच माणसं. उरले मी. कमिटीला माझी साक्ष हवी होती, आणि मी काय साक्ष देणार हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना आधीच माहीत होतं.

भाऊ मला काही म्हणाला नाही. भावजयही नाही. दोघं रायपूरच्या गाडीत मागे बसले, मी पुढे, ड्रायव्हरशेजारी.  मी मनात तेच वाक्य घोळवत होते, आणि ते खोटंही नव्हतं. लग्न झालंच नव्हतं. मी फक्त खरं बोलायचं होतं.

कमिटीच्या खोलीत लांब टेबल, टेबलामागे डॉक्टर, एक निवृत्त अधिकारी, एक बाई आणि कोपऱ्यात कॅमेरा. आधी भावजयीला एकटीला बोलावलं. तिच्यावर कोणाचा दबाव नाही ना, तिला काही आमिष दाखवलं नाही ना, हे विचारायला. ती बाहेर आली तेव्हा पदराने कपाळ पुसत होती. मग मला.

अधिकाऱ्याने विचारलं, "शादी आपने अपनी आँखों से देखी?"

"शादी नहीं हुई थी," मी म्हणाले. "चूड़ी पहनाई थी."

टेबलापलीकडची बाई मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. ती बहुतेक इकडचीच असावी. तिने विचारलं, कशी, कुठे, कोणासमोर, सगळं सांगा.

आणि मी सांगायला लागले. सांगताना मला कळलं की मला सगळंच आठवतं आहे. त्या दिवशी मी रुसून स्वयंपाकघरात बसले होते, बाहेर गेले नाही. पण जाळीच्या दारातून सगळं दिसत होतं. पॉवर हाऊस वस्तीच्या बाजारातून आणलेल्या हिरव्या बांगड्या. कष्टाचे हात, सांधे मोठे, बांगडी चढेना. भावाने तिच्या हाताला साबण लावला. तरी एक फुटली आणि त्याच्याच बोटात काच गेली, तेव्हा ती त्याचं बोट धरून बसली आणि उरलेल्या बांगड्या आईने चढवल्या. आईने कुंकू लावलं. बाबा खाटेवर बसून होते. ते म्हणाले, "आता हे आपल्या घरची झाली. कोनी काही बोलाचं नाही."

हे बाबांचं वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ते मला उद्देशून होतं. जाळीकडे बघत म्हणाले होते.

"म्हणजे घरात तिला पत्नी मानतात?" बाईने हिंदीत विचारलं.

मला नाही म्हणता आलं असतं. माझ्यापुरतं ते खरंही ठरलं असतं. पण भाऊ बाहेर बाकावर बसला होता, फिस्टुलाचा हात मांडीवर उताणा ठेवून, जसा तो मशीनच्या बाजूला ठेवायचा. नाही म्हटलं तर तो जन्मभर तसाच बसणार होता, आणि तरीही माझी किडनी काही त्याच्यात जाणार नव्हती. माझं सगळं आयुष्य या भावजयीला पुढे जाऊ न देण्यात गेलं आणि आता तिला पुढे ढकलायचं कामही माझ्याच वाट्याला आलं, याचा मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं मी गहिवरले.

"मानतात," मी म्हणाले. "आमच्या गावाकडे यालाच पाट म्हणतात. तोही लग्नच असतो."

अधिकाऱ्याने इंग्रजीत लिहून घेतलं, कस्टमरी मॅरेज. रूढीने झालेलं लग्न, कायद्याला मान्य. मग त्याने वर बघून सहज विचारलं, "आपने क्यों नहीं दी? आप तो बहन हैं."

"एक ही है," मी म्हणाले.

"ठीक है," तो म्हणाला आणि त्याने दुसरं पान उलटलं.

ऑपरेशन झालं. भावाला काचेच्या खोलीत ठेवलं होतं, भावजयीला वरच्या मजल्यावर. कॉलनीतल्या बायका मला फोन करकरून सांगायच्या, तुझी भावजय म्हणजे देवी गं, देवी. मी हो म्हणायची आणि पुढे जोडायची की मीही देणारच होते. हे मी अजूनही जोडते. ते ऐकायला कोणी थांबत नाही, तरी जोडते.

परवा भावाच्या घरी गेले होते. त्याने सोनोग्राफीचा नवा कागद माझ्यासमोर ठेवला. कागद अजून माझ्याकडेच येतो. भावजय खाली बसून तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीची, पालेभाजी निवडत होती, वाकताना कुशीवर हात ठेवत होती. मी वाचून सांगितलं, ग्राफ्ट किडनी, म्हणजे बसवलेली, चांगली आहे, रक्तपुरवठा उत्तम. खाली लिहिलं होतं, नेटिव्ह किडनीज, बोथ श्रंकन.

"नेटिव्ह मंजे काय वो, ताई?" भावाने विचारलं.

"मूळच्या. आईबाबांकडून आलेल्या, त्या दोन."

"त्या अजून आतच हायेत?"

"काढत नाहीत त्या. नवी पुढं बसवतेत, पोटाच्या खाली. जुन्या मांगं तशाच."

"काही काम करून राहिल्या का?"

"नाही. सुकून बारीक झाल्या. काम हिचीच करून राहिली."

"मंग कावून ठेवल्या?"

"त्रास देत नसन तं राहू देतेत," मी म्हणाले.

बोलले आणि माझं मलाच लागलं. कागद हातात तसाच राहिला. भावाला काही कळलं नाही, तो पोटाच्या खाली हात फिरवत होता. भावजयीचे हात मात्र भाजीत थांबले. तिने माझ्याकडे बघितलं आणि भाजीची परात उचलून ती आत गेली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, "दीदी, तुमच्यासाठी पन भात टाकला."

मी जेवायला राहिले.